जर्मनीत मुलांची वाट चौथीतच ठरते का?

प्रश्न: मुळाकाठ

नमस्कार. पतीच्या नोकरीनिमित्त पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून म्युनिकला राहायला जाणार आहोत. मुलगी सध्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे, म्हणजे तिकडचे शालेय वर्ष सप्टेंबरात सुरू होईल तेव्हा ती तिसरीत बसेल. मुलगा मोठ्या शिशुगटात आहे आणि त्याची पहिलीच तिथे सुरू होईल. मुक्काम किमान पाच-सहा वर्षांचा असेल असे आज तरी दिसते.

तिथल्या शाळांविषयी जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे. एके ठिकाणी प्राथमिक शाळा चार वर्षांची असते असे म्हटले आहे, तर दुसरीकडे सहा वर्षांची. माध्यमिक शाळा पालक निवडतात असे कोणी लिहिते, आणि चौथीतले गुण कमी पडले तर पालकांना काहीच करता येत नाही असे दुसरे कोणी लिहिते. शाळांचे प्रकार किती, याबाबतही दोन लेखांचे एकमत नाही. आपल्याकडे केंद्रीय मंडळ आणि राज्य मंडळ असे दोन-तीन रस्ते असले तरी पहिली ते दहावी हा आराखडा सर्वांना ठाऊक असतो. तसा काही राष्ट्रीय आराखडा जर्मनीत आहे की नाही, इथूनच माझ्या शंकेला सुरुवात होते.

खरी काळजी मुलीची आहे. दहावीनंतर विज्ञान घ्यायचे की वाणिज्य, हे ठरवतानाही आपल्या घरांत महिनाभर खलबते चालतात, आणि तिथे म्हणे दहाव्या वर्षी मूल विद्यापीठाच्या वाटेला लागणार की कारखान्याच्या, हे ठरून जाते. तिला जर्मन भाषा अजिबात येत नाही आणि त्या निर्णयापर्यंत तिच्या हाती पुरती दोन वर्षेही नसतील. अशा परिस्थितीत सरळ आंतरराष्ट्रीय शाळेत घालावे, असे काही परिचितांचे म्हणणे आहे. ज्यांची मुले तिथल्या सरकारी शाळांतून शिकली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: इसारतीर

मुळाकाठ, तुम्ही वाचलेले सगळेच लेख बरोबर असण्याची दाट शक्यता आहे, कारण ते बहुधा निरनिराळ्या राज्यांविषयी असतील. जर्मनीत शिक्षण हा पूर्णपणे राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. १६ राज्यांची १६ शिक्षण मंत्रालये, तितकेच शालेय कायदे, वेगवेगळे अभ्यासक्रम आणि सुट्ट्यांची वेगवेगळी वेळापत्रके असा सारा कारभार आहे. देशभर चालणारे आपल्या केंद्रीय मंडळासारखे एकही मंडळ तिथे नाही. १९४९ च्या राज्यघटनेच्या सातव्या कलमाने सर्व शाळा शासनाच्या देखरेखीखाली ठेवल्या आहेत, पण इथे शासन म्हणजे राज्य शासन. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक स्थायी परिषद १९४८ पासून आहे आणि तिच्यातल्या करारांमुळे एका राज्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात मान्य होते. शाळांच्या प्रकारांची नावे आणि शालेय वर्षाचा आरंभ यांत एकवाक्यता आली तीही १९६४ च्या अशाच एका करारामुळे. तेव्हा यापुढे वाचताना ‘जर्मनी’ हा शब्द बाजूला ठेवून ‘बव्हेरिया’ हा शब्द शोधावा, म्हणजे निम्मा गोंधळ आपोआप ओसरेल.

बव्हेरियात ग्रुंडशूल, म्हणजे प्राथमिक शाळा, चार वर्षांची असते आणि ती सर्वांना समान असते. शाळा निवडायची नसते. घराच्या पत्त्यावरून ती ठरते. त्यामुळे तुमच्या बाबतीत शाळेची निवड ही खरे तर घराची निवड आहे, आणि म्युनिकमधील घरभाडी पाहता तिला फारसा वाव नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. शुल्क नसते. गुण १ ते ६ असे दिले जातात, त्यांत १ सर्वोत्तम आणि ६ सर्वांत वाईट. आजी-आजोबांना प्रगतिपुस्तक दाखवण्यापूर्वी हे समजावून सांगावे लागते.

आता चौथीचा निर्णय. मे महिन्याच्या प्रारंभी प्रत्येक मुलाला एक स्थलांतर-प्रमाणपत्र मिळते. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीनच विषयांच्या गुणांची सरासरी पाहतात. ती २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, पात्र ठरते, आणि २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूलला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेला. हे आकडे गूढ वाटले तरी त्यांचा अर्थ साधा आहे: दोन विषयांत २ आणि एकात ३ मिळाले तर गिम्नाझियम, एकात २ आणि दोहोंत ३ मिळाले तर रेआलशूल. बाकीच्यांसाठी मिटेलशूल असते. सरासरी कमी पडली तरी पालकांचा हक्क संपत नाही. हव्या त्या शाळेत तीन दिवसांचे परीक्षण-वर्ग असतात, त्यांत जर्मन आणि गणित तपासतात; दोन्हींत किमान ४ मिळाले तर पुढचा निर्णय पालक घेऊ शकतात.

तुमच्या मुलीसाठी महत्त्वाची तरतूद याच नियमांत आहे आणि ती पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांना ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही पात्र ठरवता येते. मात्र गुण कमी पडण्याचे कारण भाषेतली उणीव हेच असावे आणि ती उणीव भरून निघण्याजोगी आहे असे शाळेला वाटावे लागते. याचा अर्थ असा की वर्गशिक्षिकेचे मत इथे निर्णायक असते. म्हणून तिसरीच्या पहिल्या पालकभेटीपासूनच तिच्याशी बोलणे ठेवावे, चौथीच्या एप्रिलची वाट पाहू नये.

तिन्ही शाळांचे स्वरूप थोडक्यात असे. गिम्नाझियम पाचवीपासून तेरावीपर्यंत चालते आणि शेवटी आबिटूर ही परीक्षा असते. ती उत्तीर्ण झाली की कोणत्याही विद्यापीठाचे दार उघडते. रेआलशूल दहावीपर्यंत असते. मिटेलशूलमध्ये नववीनंतर एक प्रमाणपत्र मिळते, परंतु चांगले गुण असणाऱ्यांना तिथल्याच विशेष तुकडीतून दहावी करता येते आणि ते प्रमाणपत्र रेआलशूलच्या बरोबरीचे धरले जाते. दहावीनंतर फाखओबरशूल नावाची वेगळी उच्च माध्यमिक शाळा आहे. तिथे बारावी केली की उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात प्रवेश मिळतो. तेरावीही केली आणि दुसरी परकीय भाषा घेतली तर थेट आबिटूरच्या तोडीची पात्रता मिळते. माझ्या ओळखीचे दोन अभियंते याच वाटेने आले आहेत आणि त्यांच्या नेमणुकीच्या वेळी ते दहाव्या वर्षी कुठल्या शाळेत होते, हे कोणी विचारले नाही. वाट एका वळणावर चुकली तर पुढे दुसरे वळण येते, इतकी सोय या रचनेत नक्की आहे.

एक गोष्ट मात्र नियमांच्या पुस्तकात ठळकपणे दिसत नाही. वर्गातील तोंडी सहभागाला प्रत्येक विषयात गुण असतात आणि त्यांचे वजन बरेच असते. आपल्याकडे गप्प बसून नीट ऐकणारे मूल गुणी समजले जाते. तेच मूल इथे हात वर करत नाही म्हणून मागे पडते, आणि शिक्षिका पालकांना सांगते की त्याला विषयात रस दिसत नाही. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणाऱ्या आपल्या मुलांची सरासरी इथेच घसरताना मी पाहिली आहे.

आंतरराष्ट्रीय शाळेविषयी माझे मत असे आहे: दोन वर्षांत परतायचे असेल तर ती सोयीची, पाच-सहा वर्षे राहायचे असेल तर वर्षाला प्रचंड शुल्क भरून मुलांना शेजारच्या मुलांपासून आणि भाषेपासून तोडण्यात काय हशील आहे, ते मला समजलेले नाही.

प्रतिसाद: ऱ्हाईनकाठ

इसारतीर यांनी नियम अचूक मांडले आहेत, परंतु ‘पुढे दुसरे वळण येते’ हा दिलासा मला अर्धाच पटतो. नव्याने येणाऱ्यांना उरलेला अर्धा भागही कळावा, म्हणून लिहितो.

आम्ही कोलोनला, म्हणजे नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालन राज्यात राहतो. इथे चौथीच्या शेवटी शिक्षक शिफारस करतात, पण ती बंधनकारक नसते. अंतिम निर्णय पालकांचा. शिवाय गेझाम्टशूल नावाची एकत्रित शाळा इथे मोठ्या प्रमाणावर आहे, जिथे सर्व पातळ्यांची मुले पाचवीपासून एकाच छताखाली शिकतात आणि तिथूनच तेरावी करून आबिटूरही देता येते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळाच सहा वर्षांची आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न बाराव्या वर्षी उभा राहतो. बर्लिन आणि हांबुर्ग यांनी २०१० च्या सुमारास खालचे प्रकार एकत्र करून गिम्नाझियम आणि दुसरी एक सर्वसमावेशक शाळा असे दोनच रस्ते ठेवले, आणि त्या दुसऱ्या शाळेतूनही आबिटूरपर्यंत जाता येते. म्हणजेच म्युनिकमध्ये ज्या मुलाला २.६६ ची सरासरी मिळाल्यामुळे रेआलशूलचा कागद मिळेल, तेच मूल आमच्या गल्लीत असते तर पालकांच्या एका सहीने गिम्नाझियममध्ये गेले असते. एकाच देशातील दोन मुलांना इतका वेगळा न्याय मिळतो, याचे समर्थन मला आजवर कोणी नीट करून दाखवलेले नाही.

वळणांविषयी बोलायचे तर, कागदावर चढ आणि उतार दोन्ही असले तरी उतार सोपा आहे. गिम्नाझियममध्ये न झेपल्यामुळे खालच्या शाळेत जाणारी मुले दरवर्षी दिसतात. पाचवी-सहावीच्या टप्प्यावर खालून वर जाणारी त्या मानाने थोडी. वर जाणे घडते ते मुख्यतः दहावीनंतर, म्हणजे मुलाने मधली सहा वर्षे ‘आपण तिथले नाही’ असे समजून काढल्यावर.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. २००० साली आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-मूल्यमापनाची पहिली फेरी झाली. डिसेंबर २००१ मध्ये तिचे निकाल आले तेव्हा जर्मनी वाचनात, गणितात आणि विज्ञानात सहभागी प्रगत देशांच्या सरासरीखाली होती. त्याहून मोठा धक्का असा होता की मुलाची कामगिरी आणि आईवडिलांची सामाजिक स्थिती यांचा संबंध इतर देशांपेक्षा तिथे अधिक घट्ट निघाला. त्या धक्क्यानंतर पुष्कळ काही झाले: सर्व राज्यांना समान अशी शैक्षणिक मानके ठरली, ती तपासण्यासाठी २००४ साली बर्लिनमध्ये संस्था निघाली, दिवसभराच्या शाळांसाठी केंद्राने चार अब्ज युरो दिले. काही वर्षे निकाल सुधारलेही. पण २०२२ च्या फेरीत गणिताचे गुण ४७५ वर आले, म्हणजे जर्मनीची आतापर्यंतची नीचांकी नोंद, आणि घरच्या परिस्थितीचा संबंध काही सुटलेला नाही. सारखेच वाचन-कौशल्य असलेल्या दोन मुलांपैकी सुशिक्षित घरातल्या मुलाला गिम्नाझियमची शिफारस मिळण्याची शक्यता अधिक असते, हे प्राथमिक शाळांवरील अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

आपल्यासारख्या संगणक-क्षेत्रातून आलेल्या कुटुंबांना याची झळ कमी बसते, हे कबूल करायला हवे. आईवडील पदवीधर, घरात पुस्तके, अभ्यास घ्यायला वेळ. भाषेचा अडथळा सोडला तर आपली मुले त्या ‘सुशिक्षित घरां’तच मोडतात. म्हणून ‘आमच्या मुलाचे छान झाले, व्यवस्था उत्तम आहे’ असे कोणी सांगितले, तर तो अनुभव खरा असतो, पण त्यावरून व्यवस्थेविषयी काढलेला निष्कर्ष खरा असेलच असे नाही. ग्रुंडशूल दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास सुटते, आणि पुढचा गृहपाठ घरी कोणीतरी, बहुतेक वेळा आई, करून घेईल, हे गृहीत धरूनच ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या घरात आई सफाईच्या कामावर गेली आहे आणि तिला स्वतःला जर्मन वाचता येत नाही, त्या घरातल्या मुलाची दुपार कशी जात असेल, याचा विचार त्या रचनेत नव्हता. २०२१ च्या कायद्याने आता हे बदलू लागले आहे: ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला आठ तास शाळा व देखभाल यांचा हक्क मिळतो, आणि २०२९-३० पर्यंत तो चारही इयत्तांना लागू व्हायचा आहे. मुळाकाठ, तुमच्या मुलाला याचा थेट लाभ होऊ शकतो. मात्र हक्क असला तरी नगरपालिकेकडे नावनोंदणी वेळेवर करावी लागते, आणि मोठ्या शहरांत देखभाल करणारी माणसे कमी आहेत.

प्रतिप्रश्न: मुळाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ३.३३ ची तरतूद आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. आता दोन शंका उरतात. इतकी टीका होत असूनही दहाव्या वर्षीची ही विभागणी तिथले लोक बदलत का नाहीत? आणि मिटेलशूल किंवा रेआलशूलमधून जे मूल विद्यापीठाकडे वळत नाही, त्याचे पुढे नेमके काय होते? आपल्याकडे दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणाऱ्या मुलाकडे नातेवाईक ज्या नजरेने पाहतात, तीच नजर तिथेही असते का?

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

मी पुण्यात जर्मन भाषा शिकवतो, त्यामुळे पहिल्या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. दुसरीविषयी तिथे काम करणाऱ्यांनी लिहावे.

चार वर्षांची समान शाळा आज अपुरी वाटते, पण १९२० साली ती मोठी सुधारणा होती. त्यापूर्वी पैसेवाल्यांची मुले पहिल्या दिवसापासून गिम्नाझियमला जोडलेल्या, शुल्क घेणाऱ्या पूर्वतयारी-शाळांत जात आणि बाकीची मुले लोकशाळेत. दोघांची गाठ वर्गात कधी पडतच नसे. वायमार प्रजासत्ताकाने १९१९ च्या घटनेत सर्वांसाठी समान पायाभूत शाळेचे तत्त्व घातले आणि पुढच्याच वर्षी कायदा करून तिची मुदत चार वर्षे ठेवली. डाव्यांना ती अधिक हवी होती, उजव्यांना नकोच होती. चार हा आकडा शिक्षणशास्त्रातून नव्हे, तर त्या तडजोडीतून आला. तो शंभर वर्षे टिकला, यात मला तरी शास्त्रापेक्षा राजकारणच जास्त दिसते.

बदलण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी प्रशासनाने आपल्या ताब्यातील भागात समान शाळा लांबवण्याचा आग्रह धरला. बव्हेरियाचे तत्कालीन शिक्षणमंत्री आलोइस हुंडहामर यांनी तो चिवटपणे थोपवला, आणि पुढे शीतयुद्धाच्या धामधुमीत तो विषय मागे पडला. बर्लिनने १९४८ मध्ये आठ वर्षांची समान शाळा आणली होती. १९५१ मध्ये ती सहांवर आली आणि आजची सहा वर्षे ही तिचीच उरलेली खूण आहे. पूर्व जर्मनीने १९५९ पासून सर्वांसाठी दहा इयत्तांची एकच शाळा चालवली. पण त्यामुळे पश्चिमेत ‘एकच शाळा’ म्हटले की लोकांना साम्यवाद आठवू लागला, आणि १९९० नंतर पूर्वेकडील राज्यांनीही गिम्नाझियम वेगळे काढले. सॅक्सनीसारख्या राज्याने निदान खालचे दोन प्रकार सुरुवातीपासून एकत्र ठेवले, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट.

अगदी अलीकडचे उदाहरण हांबुर्गचे आहे. तिथल्या आघाडी सरकारने प्राथमिक शाळा सहा वर्षांची करायचे ठरवले होते आणि विधानसभेत सर्व पक्ष अनुकूल होते. तरीही जुलै २०१० मध्ये जनमत घेतले गेले तेव्हा नागरिकांनी ते फेटाळले. विरोधाचे नेतृत्व सुस्थित पालकांकडे होते आणि मतदानाला गरीब वस्त्यांतून लोक कमी आले, ही बाब ध्यानात घेतली म्हणजे तुमच्या ‘का’चे बरेचसे उत्तर मिळते. ज्यांच्या मुलांना गिम्नाझियम मिळते, त्यांना ते आहे तसेच हवे असते, आणि निवडणुकीच्या राजकारणात त्यांचा आवाज मोठा असतो. गिम्नाझियम नऊ वर्षांचे असावे की आठ, या वादातही तेच दिसले: बहुतेक राज्यांनी २००० नंतरच्या दशकात एक वर्ष कापले, पालकांनी ओरड केली, आणि बव्हेरियासह अनेक राज्ये पुन्हा नऊ वर्षांवर आली.

प्रतिसाद: स्टुटगार्टकर

दुसऱ्या शंकेविषयी. मी यंत्रे बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात काम करतो आणि दरवर्षी येणाऱ्या प्रशिक्षणार्थींशी माझा रोजचा संबंध असतो.

शाळेनंतर आउसबिल्डुंग नावाचे प्रशिक्षण सुरू होते आणि ते बहुतेक व्यवसायांत दोन ते साडेतीन वर्षांचे असते. मूल आधी एखाद्या आस्थापनेशी करार करते, मग आठवड्यातले तीन-चार दिवस तिथे काम शिकते आणि एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत जाते. पहिल्या महिन्यापासून वेतन मिळते. सुमारे सव्वातीनशे व्यवसाय या पद्धतीखाली येतात आणि त्यांत सुतार, गवंडी, यंत्रजुळणी करणारा येतो तसाच बँकेतला कर्मचारी, चष्मे करणारा आणि संगणक-प्रणाली बनवणाराही येतो. प्रत्येक व्यवसायाचा अभ्यासक्रम मात्र देशभर एकच असतो, कारण आस्थापनेतील प्रशिक्षणाला १९६९ चा केंद्रीय कायदा लागू होतो. शाळा राज्यांच्या आणि कारखान्यातले शिक्षण केंद्राचे, अशी ही विभागणी आहे. पुढे माइस्टर ही उच्च परीक्षा दिली की स्वतःची कार्यशाळा काढता येते, प्रशिक्षणार्थी ठेवता येतात, आणि २००९ पासून त्या पात्रतेवर विद्यापीठातही प्रवेश मिळतो.

नजरेचे म्हणाल, तर ती आपल्याइतकी तुच्छतेची नाही, कारण कुशल कामगाराचे वेतन सन्मानाने जगण्याइतके असते आणि नळ दुरुस्त करणाऱ्याची वेळ मिळवण्यासाठी प्राध्यापकालाही थांबावे लागते. तरी प्राध्यापक स्वतःच्या मुलाला गिम्नाझियमलाच पाठवतो, हेही तितकेच खरे. शिवाय नववी करून येणाऱ्या मुलांसमोर आता आबिटूर झालेली मुले त्याच जागांसाठी उभी असतात, त्यामुळे बँकेसारख्या व्यवसायांत त्यांची वाट अरुंद झाली आहे. आमच्या कारखान्यात उलट स्थिती आहे. जागा भरत नाहीत.

मुळाकाठ, आता काही व्यावहारिक बाबी. जर्मन मुळीच न येणाऱ्या मुलांसाठी बव्हेरियात २०१८-१९ पासून स्वतंत्र ‘जर्मन वर्ग’ आहेत. तिथे भाषेचे तास अधिक असतात आणि चित्रकला, संगीत, खेळ यांसारखे विषय नेहमीच्या तुकडीबरोबर होतात. हा वर्ग प्रत्येक शाळेत नसतो, त्यामुळे मुलीची शाळा पत्त्यानुसार ठरलेल्या शाळेहून वेगळी असू शकते. प्रवेशाच्या वेळी हे विचारून घ्यावे. एक इयत्ता खाली बसवण्याविषयी मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलावे. दुसरी पूर्ण झाली असली तरी तिथे पुन्हा दुसरीत बसली, तर निर्णयाआधी भाषेसाठी जवळजवळ तीन वर्षे मिळतात, आणि वर्ष गेले म्हणून तिथे कोणी हळहळत नाही. मुलगा ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षांचा होत असेल तर त्याला पहिलीत जावेच लागते. जुलै ते सप्टेंबर या काळात जन्मलेल्या मुलांबाबत मात्र वर्षभर थांबायचे की नाही, हे बव्हेरियात पालक ठरवू शकतात.

धर्मशिक्षण हा शाळेतील नियमित विषय असतो. ते नको असेल तर मुलांना नीतिशास्त्राचा तास मिळतो, त्यासाठी प्रवेशाच्या अर्जात तसे लिहावे. चौथीत पोलिसांच्या देखरेखीखाली सायकलची परीक्षा होते, आणि प्राथमिक शाळेतच पोहण्याचे तासही असतात. निघण्यापूर्वी दोन्हींचा सराव करून घेतला तर भाषा येत नसतानाही मुलीला वर्गात मान वर करून वावरता येईल.

शेवटची बाब हजेरीची. शाळेत जाणे हे तिथे कायद्याने बंधनकारक आहे आणि घरी शिकवण्याची मुभा नाही. विमानाचे तिकीट स्वस्त मिळते म्हणून सुट्टी लागण्याच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबांना बव्हेरियात पोलिसांनी विमानतळावर अडवून चौकशी केल्याचे प्रकार घडले आहेत, आणि दंडही होतो. दिवाळीची सुट्टी नसते. घरच्या लग्नकार्यासाठी एखाद-दुसरा दिवस हवा असेल तर मुख्याध्यापकांकडे आगाऊ लेखी अर्ज करावा. सख्ख्या नात्यातील कार्य असेल तर तो सहसा मान्य होतो, मात्र गावच्या जत्रेसाठी आठवडाभर मागितला तर नाही.